डिंकाऐवजी स्टार्च घातला आणि बाटलीच्या गळ्याशी नारिंगी कडं धरलं

संत्रासोडा | ३ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. मी आणि माझे मिस्टर गोटी सोडा आणि सरबत करणाऱ्या लहान कारखानदारांना संत्र्याचं नि लिंबाचं इमल्शन पुरवतो. तेल असूनही पाण्यात टाकलं की दुधासारखं पसरतं, पेयाला वास, रंग आणि तो गढूळपणा देतं, ते हे. दहा वर्षं आम्ही सुदानचा हशाब डिंक वापरला, म्हणजे तिकडच्या एका जातीच्या बाभळीचा. एप्रिल २०२३ मध्ये तिकडे युद्ध सुरू झालं आणि तेव्हापासून ना भावाचा भरवसा, ना दर्जाचा. एका गोणीत स्वच्छ पांढरे खडे, पुढच्या गोणीत साल आणि वाळू.

म्हणून यंदा मोसमाआधी मॉडिफाइड स्टार्च घेतला. व्यापारी म्हणाला, "इन्स १४५०, डिंकाला पर्याय, सगळे हाच घेतात." (इन्स म्हणजे खाण्यात घालायच्या घटकांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक.) पहिल्या बॅचचे चाळीस कॅन गेले. माल भरल्यावर तिसऱ्या दिवशी कळव्याच्या सोडावाल्या दादांचा फोन. मी स्वतः गेले. क्रेटमधून बाटली उचलली तर गळ्याशी, गोटीच्या जरा खाली, नखाच्या जाडीचं नारिंगी कडं. खालचं पाणी फिकट पडलेलं. बाटली कलती केली तर कडं तुटलं आणि त्याच्या चिकट चिंध्या काचेला धरून राहिल्या. दादा काही बोलले नाहीत. सहाशे बाटल्या भिंतीशी लावून ठेवल्या होत्या, तेवढ्या फक्त दाखवल्या. दोन दिवस झोप नाही मला.

तेल तेच, तेल जड करायला घालतो तो एस्टर गम तेवढाच, दाबाने थेंब बारीक करणारा होमोजिनायझर तोच. फक्त डिंक बदलला. चुकलं कुठे?

गवती_चहा | ३ एप्रिल, रात्री ११:१५

ताई, थोडा गवार गम घालून बघा. दाटपणा आला की तेल वर यायला वेळ लागेल. आमच्याकडे आइस्क्रीमच्या मिश्रणात घालतात.

माटुंगा_ते_महापे | ४ एप्रिल, सकाळी ७:५०

गवार गम घालू नका, हे आधी सांगतो. गवार पाणी दाट करतो, तेलाला धरून ठेवत नाही. आइस्क्रीममध्ये दुधाची प्रथिनं ते काम करतात, गवार फक्त बर्फाचे खडे मोठे होऊ देत नाही. तुमच्या पेयात इमल्शन हजारात एक-दोन भाग पडणार. तिथे थोडासाच गवार असला तर तो थेंबांच्या मधल्या फटीत मावत नाही, बाजूला राहतो आणि बाहेरून थेंबांना एकमेकांकडे ढकलतो. थेंबांचे घोस होतात आणि घोस लवकर वर येतात. कडं कमी व्हायचं सोडून जाड होईल.

मी माटुंग्याला यूडीसीटीत शिकलो, आताचं आयसीटी, आणि वीस वर्षं फ्लेवरमध्ये आहे. ताई, तीन गोष्टी सांगा. स्टार्च किती टक्के घातला? घोळ किती दाट झाला? गोणीवर १४५० शिवाय काय लिहिलंय?

संत्रासोडा | ४ एप्रिल, दुपारी १:२०

सर, कृती अशी होती. तेल आणि एस्टर गम निम्मे निम्मे, मिळून १२ टक्के. स्टार्चही १२ टक्के धरला होता. पण कोमट पाण्यात घातला तर तासाभरात घोळ खिरीसारखा झाला. पळी उभी राहिली. होमोजिनायझरचा पंप धाप लागल्यासारखा आवाज करायला लागला, आत फेस. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "हा ताकदीचा माल आहे, निम्मा घाला." म्हणून ५ टक्क्यांवर आणला. मग छान वाहिला, रंगही छान आला. गोणीवर बारीक अक्षरात लिहिलंय: सॉस, मेयोनेज आणि ड्रेसिंगसाठी.

माटुंगा_ते_महापे | ४ एप्रिल, रात्री ९:०५

ताई, तुमची चूक एवढीच की १४५० हा आकडा पुरेसा आहे असं तुम्ही मानलं. माझ्यासमोर मोठ्या कारखान्यांतही हे झालेलं आहे.

जरा मुळापासून सांगतो. साधा स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या माळा. पाण्यावर प्रेम, तेलाशी काही संबंध नाही. या माळांना तेलाकडे ओढणारी शेपटी जोडायची युक्ती काल्डवेल आणि वुर्झबर्ग या दोघांनी काढली, अमेरिकेतलं पेटंट १९५३ चं. ऑक्टेनिल सक्सिनिक अ‍ॅनहायड्राइड, आम्ही ओएसए म्हणतो, ते सौम्य अल्कलीत स्टार्चला जोडतात. आठ कार्बनची शेपटी तेलात रुतते, माळ पाण्यात पसरून राहते. खाण्याच्या मालात ओएसए स्टार्चच्या वजनाच्या ३ टक्क्यांपर्यंतच घालता येतं. हिशेब केला तर साधारण चाळीस-पन्नास ग्लुकोजमागे एक शेपटी. एवढ्याने भागतं, कारण माळ लांब आहे आणि फांद्याफांद्यांची आहे. यासाठी बहुतेक मेणचट मका घेतात, त्यात जवळजवळ सगळा अमायलोपेक्टिनच, म्हणजे फांद्यांवाला स्टार्चच असतो.

आता खरी गोम. शेपटी जोडल्यावर माळ तशीच लांब ठेवली तर तो दाट होणारा माल, मेयोनेजसाठी. आम्लाने किंवा एन्झाइमने माळा तोडून आखूड केल्या तर तो पातळ माल, पेयांच्या इमल्शनसाठी आणि पावडर करण्यासाठी. दोन्ही १४५० च. आकडा शेपटीचा आहे, माळेच्या लांबीचा नाही. तुमच्या गळ्यात पहिला माल पडला.

पुढचं सगळं त्यातून आलं. दाट घोळ पंपाला नीट ओढता आला नाही, हवा शिरली. म्हणून तुम्ही स्टार्च ५ टक्क्यांवर आणला आणि तिथे तेल उघडं पडलं. एक मिलिलिटर तेलाचे अर्ध्या मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग १२ चौरस मीटर होतो. ऐरोलीतल्या वन आरकेची खोली एवढीच असते. तेवढी सगळी जागा स्टार्चने सारवायची आहे. सारवण कमी पडलं की होमोजिनायझरमधून बाहेर येता येताच थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात.

मोठे झाले की काय होतं तेही मोजून दाखवतो. तुमचं तेल-एस्टर गमचं मिश्रण साधारण ०.९४५ घनतेचं, गोड सोडा १.०४ च्या आसपास. स्टोक्सच्या नियमाने या फरकावर ५ मायक्रॉनचा थेंब दिवसाला आठ-साडेआठ सेंटीमीटर चढतो. एक मायक्रॉनचा साडेतीन मिलिमीटरही नाही. अर्ध्या मायक्रॉनचा एक मिलिमीटरच्या आत, आणि त्याला पाण्याच्या रेणूंचे धक्के सतत हलवत ठेवतात. तुमचं कडं तिसऱ्या दिवशी दिसलं. बाटलीची उंची धरली तर तुमचे बरेच थेंब ४-५ मायक्रॉनचे होते, हे मी इथे बसून सांगू शकतो.

जुना_सोडावाला | ४ एप्रिल, रात्री ९:४०

जांभळी नाक्याजवळ आमचा कारखाना होता, वडिलांचा. त्या काळी तेल जड करायला ब्रोमिनवालं तेल घालत, कडं धरतच नसे. १९९० मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली, चांगलं झालं. अमेरिकेने ते २०२४ मध्ये बंद केलं. तेव्हा वडील डिंक रात्रभर भिजवून सकाळी धोतराच्या फडक्यातून गाळायचे. घाई करणाऱ्या कामगाराला त्यांनी कधी डिंकाला हात लावू दिला नाही.

माटुंगा_ते_महापे | ४ एप्रिल, रात्री १०:१०

काकांचे वडील बरोबर करत होते. डिंक रात्रभर मुरला की त्याचा प्रत्येक रेणू उलगडतो. स्टार्चलाही हेच लागू आहे, थंड पाण्यात विरघळणारा असला तरी.

डिंकात तेल धरतो कोण, तर हशाबात असलेली जेमतेम दोन टक्के प्रथिनं. ती साखरेच्या मोठमोठ्या झुबक्यांना जोडलेली असतात. प्रथिन तेलात रुततं, झुबके बाहेर पाण्यात फुललेले राहतात आणि दुसऱ्या थेंबाला जवळ येऊ देत नाहीत. निसर्गाने जिथे प्रथिन लावलं, तिथे माणसाने स्टार्चला शेपटी लावली. म्हणून डिंकाचा घोळ तासन्तास उकळू नये, प्रथिन बिघडतं. आणि गंमत बघा, तोच डिंक कोरडा असताना ११० अंशांवर मुरवला तर प्रथिनवाले रेणू आणखी जोडले जाऊन तेल धरायची ताकद वाढते. ओलं तापवणं आणि कोरडं तापवणं, दोन वेगळ्या गोष्टी.

खारघरची_आई | ५ एप्रिल, सकाळी १०:३०

विषयाला सोडून वाटेल, पण मनापासून विचारते. मुलाच्या सूपच्या पाकिटावर मॉडिफाइड स्टार्च लिहिलेलं असतं. हे जेनेटिकली मॉडिफाइड असतं का? मी ते पाकीट दर वेळी परत ठेवते.

ध्रुवण | ५ एप्रिल, दुपारी १२:०५

ताई, विषयातलंच आहे हे. मी ठाण्यात वागळे इस्टेटला अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. त्या ‘मॉडिफाइड’चा जनुकांशी संबंध नाही. स्टार्चवर प्रक्रिया केली, एवढाच अर्थ. काही वेळा रसायन जोडतात, काही वेळा नुसती आम्लाने माळ तोडतात. आपल्याकडे जनुकबदल केलेल्या मक्याच्या लागवडीला परवानगी नाही. १४५० बद्दल एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञ समितीला रोजच्या सेवनावर आकड्यात मर्यादा घालायची गरज वाटलेली नाही. पोटात तो बहुतांशी स्टार्चसारखाच पचतो. सूपच्या पाकिटात मला काळजी वाटते ती मिठाची. तो आकडा मात्र दर वेळी वाचा.

आता संत्रासोडा ताईंच्या वाळूवाल्या गोणीबद्दल. आमच्याकडे हशाब म्हणून येणाऱ्या डिंकात बऱ्याचदा तल्हा, म्हणजे दुसऱ्या जातीच्या बाभळीचा, नाहीतर आपल्या गावठी बाभळीचा डिंक मिसळलेला असतो. ओळखायला सोपं. घोळ पोलरिमीटरमध्ये ठेवायचा. हशाब प्रकाशाला डावीकडे वळवतो, तल्हा आणि आपली बाभूळ उजवीकडे. डोळ्यांना तिन्ही खडे सारखेच दिसतात. बाभळीचा डिंक लाडवाला उत्तम आहे, तुपात फुलतो, पण संत्र्याचं तेल त्याच्यावर सोपवू नका.

शहापूरकर | ५ एप्रिल, रात्री ८:५०

धाग्यावर सुदान झालं, अमेरिका झाली. माझ्या ठाणे जिल्ह्यातल्या झाडाचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. धावडा. शहापूर, मुरबाडच्या जंगलात आहे. त्याच्या डिंकाला बाजारात गम घट्टी म्हणतात. घाटातून खाली आणायचे म्हणून घट्टी, असं सांगतात. इन्स क्रमांक ४१९.

आमच्याकडे उन्हाळ्यात ठाकर आणि कातकरी बाया-माणसं तो गोळा करतात. सालीला चीर देतात, काही दिवसांनी मधाच्या रंगाचे थेंब गोठून बसलेले असतात. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत परत. घरी येऊन सुपात पसरून रंगाप्रमाणे वेगळे करायचे: फिका, लाल, काळा. माझ्या आईच्या बोटांना तो चिकट वास जूनपर्यंत राहायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने डिंकासारख्या वनोपजावर आमचा हक्क मान्य झाला, पण गावात येणारा व्यापारी फिका नि काळा एकाच भावाने तोलतो. वाशीच्या मसाला मार्केटात तेच दोन ढीग वेगळ्या भावाने लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चीर खोल दिली की डिंक जास्त येतो आणि झाड मरतं. भाव मिळाला तर कोण खोल चीर देईल?

सर, या डिंकावर तेल बसतं का?

माटुंगा_ते_महापे | ५ एप्रिल, रात्री १०:३०

बसतं, आणि चांगलं बसतं! यातही प्रथिन आहे. हशाबाच्या मानाने बराच कमी घातला तरी बारीक थेंब मिळतात. अडचणी दोन. एक, तो सगळा विरघळत नाही, जेलीसारखा भाग मागे राहतो, म्हणून गाळणं आलंच. दोन, हशाबाचा घोळ ३० टक्क्यांवरही वाहतो, धावड्याचा त्याच्या कितीतरी आधी घट्ट होतो. रंगही तपकिरी. संत्र्याला चालेल, लिंबाला नाही.

माझं प्रामाणिक मत सांगतो. आपण सुदानच्या गोणीची वाट बघत बसतो आणि शंभर किलोमीटरच्या आतला डिंक लाडवापुरता ठेवतो. एक डिंक काढून दुसरा घातला की कृती पहिल्या पायरीपासून नव्याने बसवावी लागते, आणि तेवढे कष्ट घ्यायची कुणाची तयारी नसते.

तुर्भे_पावडर | ६ एप्रिल, सकाळी ९:१५

सर, आमचाही प्रश्न घ्या. तुर्भ्यात आम्ही लिंबाच्या तेलाची पावडर करून घेतो, फरसाण आणि चिप्सवाल्यांसाठी. स्प्रे ड्रायरमध्ये आत येणारी हवा १८० अंश. इतक्या उष्णतेत वास उडत कसा नाही, आणि ड्रायरमध्ये टिकलेला माल पावसाळ्यात पिशवीत दगड का होतो?

माटुंगा_ते_महापे | ६ एप्रिल, रात्री ९:४५

हवा १८० असली तरी थेंब १८० चा होत नाही. त्यातून पाणी उडत असतं तोवर तो थंड राहतो, माठ गार राहतो तसा. बाहेर पडणारी हवा ९० च्या आसपास आणि पावडर आत काही सेकंदच. त्या थोड्या वेळात थेंबावर स्टार्चची साय धरते. सायीतून पाण्याचा लहान रेणू निसटतो, वासाचा मोठा रेणू अडकतो. म्हणून साय जितकी लवकर धरेल तितका वास जास्त राहतो, आणि त्यासाठी घोळात घन पदार्थ जितका जास्त तितकं बरं. पातळ ओएसए स्टार्च इथे डिंकाच्या पुढे जातो, कारण तो ३५-४० टक्क्यांवरही फवारता येतो आणि थेंब बारीक ठेवतो.

दगड होण्याचं कारण मुंबईची हवा. पावडरचा कण काचेसारखा असतो, थोडं पाणी प्यायला की रबरासारखा मऊ होतो आणि शेजाऱ्याला चिकटतो. मऊ झालेल्या कणातून वास बाहेर पडतो, ऑक्सिजन आत जातो, आणि लिंबाला तो टर्पेंटाइनसारखा वास यायला लागतो. जूनपासून पिशवी उघडी ठेवायची नाही. भरायच्या खोलीत डीह्युमिडिफायर हवाच. स्वस्त पडावं म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे बारीक तोडलेला स्टार्च, मिसळत असाल तर लक्षात ठेवा, तो तेल धरत नाही, फक्त भिंत जाड करतो. धरायला ओएसए स्टार्च किंवा डिंक लागतोच.

संत्रासोडा | १४ एप्रिल, रात्री ११:००

पातळ माल मिळाला. या वेळी गोणी नाही, आधी पाच किलोचा नमुना मागितला. १२ टक्के स्टार्च, रात्रभर मुरवला, सकाळी घोळ उसाच्या रसाएवढा वाहता. टिकवण्यासाठीचं बेन्झोएट आधी पूर्ण विरघळवलं, सायट्रिक आम्ल सगळ्यात शेवटी वेगळ्या पाण्यात पातळ करून हळूहळू घातलं. पूर्वी दोन्ही घाईत एकत्र टाकायचो तेव्हा कधीकधी तळाला पांढऱ्या सुया दिसायच्या. ते बेन्झोइक आम्लाचे खडे होते, हे आज कळतंय. तेल हळूहळू सोडलं, मग होमोजिनायझरमधून २०० बारवर दोनदा.

शेजारच्या इमारतीत पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथल्या ताईंनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचा लावून दिल्या. जुन्या बॅचमध्ये गोल गोल थेंब, काही जवळजवळ रक्तपेशीएवढे, एकमेकांना खेटलेले. नव्या बॅचमध्ये आधी मला काहीच दिसलं नाही. ताई म्हणाल्या, नीट बघा, सगळं हलतंय. आणि खरंच, धुळीसारखे बारीक ठिपके जागच्या जागी थरथरत होते. सर म्हणाले ते धक्के हेच ना? मला रडू आलं.

माटुंगा_ते_महापे | १४ एप्रिल, रात्री ११:२०

हेच ते. आता एक थेंब ग्लासभर पाण्यात टाकून टॉर्च मागून धरा. कडेला निळसर झाक दिसली तर थेंब अर्ध्या मायक्रॉनच्या खाली गेलेत. बारा बाटल्या भरा. सहा उन्हात, सहा सावलीत, आणि रोज गळा बघा. तीन आठवड्यांच्या आत एकही कॅन पाठवू नका.

शहापूरकर | १५ एप्रिल, सकाळी ६:४०

ताई, आईच्या ओळखीच्या बायांनी दोन किलो फिका धावडा निवडून ठेवलाय. रविवारी आसनगावहून लोकलने ठाण्याला येतोय, तिथून रबाळ्याला आणून देतो. पैसे आत्ता नकोत, आधी करून बघा.

संत्रासोडा | ६ मे, रात्री १०:१५

बावीस दिवस झाले. बाराही बाटल्यांचे गळे स्वच्छ. उन्हातल्या दोन बाटल्यांचा रंग किंचित उतरलाय, कडं नाही. आज दुपारी एक बाटली घेऊन कळव्याला गेले. दादांनी ती खिडकीशी धरली, उलटी केली, पुन्हा सरळ केली, गळ्यावरून अंगठा फिरवला आणि पोराला म्हणाले, "दहा कॅन लिहून घे." जुन्या सहाशे बाटल्यांचे पैसे मी हप्त्याने देते म्हटलं, त्यांनी निम्मेच घेतले.

धावड्याचीही छोटी बॅच काढली. ६ टक्के, दुहेरी मलमलमधून गाळून. अर्धी बादली जेली मागे राहिली, पण जे उतरलं त्यात थेंब सुंदर बारीक. रंग चहाच्या पाण्यासारखा, संत्र्यात लपून जातो. त्या आठ बाटल्या आज नवव्या दिवशी ठीक आहेत. शहापूरकर दादा, पावसाआधी आणखी वीस किलो फिका मिळेल का? भाव बायांनी सांगायचा, आणि फिका, लाल वेगळा तोलायचा.

शहापूरकर | ७ मे, सकाळी ६:१०

मिळेल. आईने काल रात्रीच निरोप धाडला पाड्यावर. वजनकाटा आपलाच नेतोय.